लग्नाचे लॉन, संत्र्याची बाग आणि गवत कापणारे यंत्र

पावसाळा तोंडावर आला की गवत कापण्याच्या यंत्रांविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतली तीन घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट अनेकांच्या उपयोगाची आहे.

प्रश्न : मी एका जिनिंगमध्ये हिशेबाचे काम करतो. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हंगाम असतो आणि पावसाळ्यात काम जवळजवळ बंदच असते. घरी अडीच एकर संत्र्याची बाग आहे. रविवारी व रिकाम्या दिवसांत गवत कापून देण्याचा जोडधंदा सुरू करावा, असा विचार आहे. महामार्गालगतची दोन लग्नाची लॉन (प्रत्येकी सुमारे अर्धा एकर), एका डॉक्टरांच्या दवाखान्यापुढची छोटी हिरवळ, नागपूरला राहणाऱ्या एका गृहस्थांचे फार्महाउस आणि काही संत्रा बागायतदार एवढी कामे बोलण्यात आहेत. गावातील शाळेचे दोन एकरांचे मैदानही मिळू शकेल. जवळ फक्त मोटारसायकल आहे. एक विक्रेता बसून चालवायचे जुने यंत्र घ्या म्हणतो, दुसरा विजेवरचे सुचवतो आणि मित्र सांगतात की एक ब्रश कटर घेतला की सगळे कापले जाते. नेमके काय घ्यावे? — एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : आपल्या पत्रातील जिनिंगच्या हंगामाची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. मृग बरसल्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत बागेत आणि धुऱ्यावर तण गुडघ्याला लागते, त्याच काळात लॉनवरची हरळी दर आठ-दहा दिवसांनी कापावी लागते, आणि नेमके तेव्हा आपण मोकळे असता. पुढे तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात, लॉनवाल्यांचे निरोप येऊ लागतात, पण तोवर जिनिंगही सुरू झालेले असते आणि आपल्या हाती फक्त रविवार उरतो. म्हणजे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पावसाळ्यातले काम रानटी, उंच, ओल्या तणाचे आहे आणि त्यासाठी वेळ भरपूर आहे. हिवाळ्या-उन्हाळ्यातले काम राखलेल्या हिरवळीचे आहे आणि त्यासाठी वेळ अगदी थोडा आहे. एकाच यंत्राकडून दोन्ही करून घेऊ गेल्यास एक काम तरी वाईट होणारच.

आपल्या मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ब्रश कटरने, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पाते किंवा नायलॉनची दोरी फिरणाऱ्या हातातल्या यंत्राने, सगळे कापले जाते, परंतु सगळे सारखे कापले जात नाही. हात डावीकडून उजवीकडे फिरतो तसतशी उंची बोटभर वरखाली होते आणि हिरवळीवर चंद्रकोरीसारखे पट्टे उमटतात. दिवसा ते फारसे जाणवत नाहीत. संध्याकाळी हॅलोजनचा तिरपा उजेड पडला की अर्ध्या एकरावरची प्रत्येक लाट दिसते, आणि लॉनचा मालक ती त्याच वेळी पाहतो. म्हणून लग्नाच्या लॉनसाठी चाकांवर चालणारे, उंची पक्की ठेवणारे यंत्र, म्हणजे लॉन मोवर, हवेच.

मोवरमध्ये दोन जाती आहेत. पहिल्या जातीत पाच-सात पात्यांचे रूळ फिरते आणि खालच्या स्थिर पात्यावर गवत कात्रीसारखे कापले जाते. याला सिलिंडर किंवा रील मोवर म्हणतात. याचे कापणे अतिशय सुबक असते, हे मान्य करायलाच हवे. हाताने ढकलायचा लहान रील मोवर स्वस्त असतो, त्याला पेट्रोल लागत नाही आणि आवाजही नाही. पण गवत आधीच आखूड असेल तरच तो चालतो. चार बोटे वाढलेली हरळी त्याच्याखाली नुसती लोळते. शिवाय फिरती पाती आणि खालचे पाते यांतले अंतर वर्तमानपत्राची पट्टी धरून तपासावे लागते. पट्टी सगळ्या लांबीवर स्वच्छ कापली गेली तर जुळणी बरोबर, कुठे दुमडली तर तिथे पाते बसलेले आहे असे समजावे. एवढी नाजूक जुळणी लग्नाच्या लॉनवर टिकत नाही. वरात उठल्यानंतरच्या सकाळी त्या गवतात काय काय असते, ते एकदा पाहून या : हारांमधली बारीक तार, मंडपाच्या खुंट्या आणि खिळे, सुतळी, प्लास्टिकचे चमचे, फुटलेला ग्लास. रीलच्या पात्यांत हारातली तार एकदा गुंतली की ते रूळ लेथवाल्याकडेच न्यावे लागते.

दुसरी जात रोटरी मोवरची. यात पंख्यासारखे एकच आडवे पाते वेगाने फिरते आणि गवत वेगाच्या माऱ्याने तुटते. ५३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३०० किलोमीटर होतो. गवत वाढलेले असो की दमट असो, ते कापले जाते. पाते बोथटले तर कानसीने घरीच घासता येते आणि वाकले तर बदलता येते. मात्र याच वेगामुळे खडा किंवा खिळा गोळीसारखा उडतो. म्हणून लॉनवर यंत्र नेण्याआधी एका पोराला पोते घेऊन पूर्ण मैदानात फिरवावे, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी मालकाला आधीच सांगून दरात धरावी. आपल्या कामांना रोटरीच योग्य आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आता आकार. माणूस ताशी ३ किलोमीटर चालला तर ५३ सेंटिमीटरचा मोवर कागदावर तासाला १,५९० चौरस मीटर कापतो. वळणे, एकावर एक येणारे पट्टे आणि पिशवी रिकामी करणे यांत तिसरा हिस्सा जातो, तेव्हा प्रत्यक्षात १,०५० धरावेत. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,०२० चौरस मीटर, म्हणजे एका लॉनला दोन तास. तेच काम ३६ सेंटिमीटरच्या यंत्राने जवळपास तीन तास घेईल. एका रविवारात दोन्ही लॉन, मध्ये ने-आण आणि दुपारचे ऊन हे सगळे बसवायचे असेल, तर हा दोन तासांचा फरक मोठा आहे. १४० ते १९० सीसीचे चार स्ट्रोक इंजिन, ४८ ते ५३ सेंटिमीटर पट्टा आणि मागच्या चाकांना गती देणारे यंत्र घ्यावे. गती पुढच्या चाकांना असली तर मागची पिशवी भरल्यावर पुढची बाजू हलकी होते आणि चाके जागीच फिरतात. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर तर हमखास. पिशवी मात्र हवीच, कारण कापलेला चुरा लॉनवर राहिला तर तो पाहुण्यांच्या साड्यांना चिकटतो. फार्महाउसवर उलट करावे. तिथे चुरा तसाच पसरू द्यावा, त्याचे खत होते.

विजेवरच्या यंत्राला मी नावे ठेवत नाही. ते हलके असते, आवाज कमी करते आणि दवाखान्यापुढच्या हिरवळीला ते सर्वांत शोभेल. पण १,५०० वॉटची मोटर साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते. लॉनच्या टोकापर्यंत ५०-६० मीटर वायर ओढायची तर ती निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची हवी, आणि आधीच दाब कमी असलेल्या गावच्या लाइनवर मोटर तापणार ती तापणारच. ओल्या गवतात वायर मागे घेऊन चालताना ती पात्याखाली येण्याची भीती कायम असते, तेव्हा ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) लावल्याशिवाय हे काम कुणी करू नये. बॅटरीचा हिशेबही करून पाहावा. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत १४४ वॉट-तास वीज असते. यंत्राने सरासरी ६०० वॉट ओढले तर ती पाव तासही पुरत नाही. अर्ध्या एकराला अशा आठेक बॅटऱ्या लागतील. दवाखान्याचे काम पक्के झाले आणि पहिल्या वर्षी चार पैसे सुटले, तर लहान विजेचे यंत्र दुसऱ्या वर्षी घ्यावे.

बसून चालवायच्या यंत्राचा विचार सोडून द्या. ते न्यायला प्रत्येक वेळी पिकअप भाड्याने करावी लागेल, लॉनच्या कमानीतून आणि मंडपाच्या खांबांमधून ते वळणार नाही, आणि त्याचा पट्टा किंवा गिअर गेला तर सुटा भाग तालुक्याला मिळणार नाही. शाळेच्या मैदानासाठी म्हणून घ्यायचे म्हटले, तर दोन एकरांचे ते काम पावसाळ्यात तीन-चार वेळाच निघेल. त्यासाठी ट्रॅक्टरला रोटरी स्लॅशर लावून देणारा जवळपासचा शेतकरी गाठावा, मैदान त्याच्याकडून करून घ्यावे आणि कडा, गोलखांब, झेंड्याचा चौथरा एवढे आपण ब्रश कटरने करावे.

ब्रश कटर हे आपले पहिले यंत्र असावे, मोवर दुसरे. याचे कारण साधे आहे. पावसाळा आधी येतो, आपण तेव्हा मोकळे असता, आणि ब्रश कटर मोटारसायकलवर बांधून नेता येतो. मोवरसाठी निदान ऑटो लागेल, आणि ते भाडे दरात धरावे लागेल. दोन स्ट्रोकचा कटर हलका आणि स्वस्त असतो, पण त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते : पुस्तिकेत ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४० मिलि. घाईत ऑइल विसरले की पिस्टन धरतो आणि त्या दिवशीचे काम तिथेच संपते. रोज सकाळी एकच माणूस तेल मिसळणार असेल तर हरकत नाही. आपण मात्र कधी पुतण्याला, कधी सालदाराला यंत्र देणार असाल, तर थोडे जास्त मोजून ३५ सीसीच्या आसपासचा चार स्ट्रोक घ्यावा. त्यात साधे पेट्रोल चालते. त्याचे ऑइल पहिल्यांदा १० तासांनी आणि मग दर ५० तासांनी बदलावे.

संत्र्याच्या बागेत काम घेताना एक गोष्ट बागायतदाराने विचारली नाही तरी आपण पाळावी. नायलॉनची दोरी झाडाच्या बुंध्याला लागली की साल सोलली जाते, आणि त्या जखमेतून फायटोफ्थोरा बुरशी शिरून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होतो. झाड लगेच मरत नाही, त्यामुळे दोष कुणाचा हे दोन वर्षांनी कळते आणि तोवर नाव खराब झालेले असते. बुंध्याभोवती दीड-दोन फूट जागा सोडून द्यावी, तिथले तण विळ्या-खुरप्याने काढावे. चुकून जखम झालीच तर लपवू नये. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या प्रमाणातली बोर्डो पेस्ट तिथे लावायला सांगावे. ठिबकच्या नळ्या आधी झाडाजवळ ओढून घ्याव्यात. गाजर गवतात दोरी फिरवली की त्याचा चीक अंगावर उडतो आणि कातडी चिघळते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चेहऱ्यावर जाळीचे कवच असावे. गमबूट तर हवेतच. पावसाळ्यात धुऱ्यावर घोणस असते, आणि यंत्राच्या आवाजात तिचा फुत्कार ऐकू येत नाही. कानाला मफ लावावेत, आणि आजूबाजूच्या माणसांना १५ मीटरच्या आत येऊ देऊ नये.

दर ठरवण्याविषयी आपण विचारले नाही, पण यंत्राची निवड त्याच्याशीच जोडलेली आहे. समजा, मोवर ४०,००० रुपयांना पडला आणि मोठी दुरुस्ती निघेपर्यंत ८०० तास चालला, तर तासाला ५० रुपये नुसत्या यंत्राचे झाले. त्यावर पेट्रोल, ऑटोचे भाडे, पाते आणि आपली मजुरी. हा हिशेब न मांडता शेजारच्या गावातला दर ऐकून आपला दर ठेवणारे दोन वर्षांत यंत्र विकायला काढतात. भांडवल कमी पडत असेल तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. दोन्ही यंत्रे एकदम कर्जावर मात्र घेऊ नयेत. कटरने पावसाळा काढावा आणि मुहूर्त सुरू होण्याआधी मोवर आणावा.

कोणत्या कंपनीचे घ्यावे, याचे उत्तर वरुड किंवा मोर्शीतच मिळेल. ज्या यंत्राचा कार्बोरेटर, स्टार्टरची दोरी आणि पाते तालुक्याच्या दुकानात ठेवलेले असते आणि जे उघडणारा मिस्त्री रविवारीही भेटतो, ते घ्यावे, मग ते दिसायला जुन्या वळणाचे असले तरी चालेल. आपल्या हाती आठवड्यातला एकच दिवस आहे, आणि नागपूरहून भाग मागवायचा म्हणजे तो दिवस गेला.

प्रश्न : आमचा दहा महिलांचा बचत गट आहे. ग्रामपंचायत, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्राच्या आवारातील गवत कापण्याचे काम आम्हाला मिळण्यासारखे आहे. वर्ध्याला एक वापरलेला पेट्रोल मोवर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का, आणि घेताना काय पाहावे? — एका बचत गटाच्या सचिव, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : आधी कामाबद्दल. अशा आवारांत लावलेली हिरवळ क्वचितच असते. तरोटा, गाजर गवत, मुरूम आणि विटांचे तुकडे असतात. तिथे मोवर चालत नाही, पाते पहिल्याच दिवशी दगडाला लागते. तुम्हाला ब्रश कटर लागेल. पाठीवर अडकवायचा कटर घेण्यापेक्षा खांद्यावरून दोन्ही बाजूंनी पट्टा येणारा हलका कटर घ्यावा आणि दोघींनी आलटून-पालटून अर्धा-अर्धा तास चालवावा. जाड खोडाच्या तणाला तीन दातांचे पाते वापरावे. भिंतीजवळ आणि दगडगोट्यांत मात्र पाते काढून नायलॉनची दोरी लावावी. अंगणवाडीचे काम मुले घरी गेल्यावरच करावे.

उपकेंद्रापुढे खरोखरच हिरवळ असेल आणि वापरलेला मोवर घ्यायचाच असेल, तर तो थंड असताना पाहायला जा. विक्रेत्याने आधीच चालवून गरम केलेले इंजिन कुणीही सुरू करून दाखवतो. स्टार्टरची दोरी हळूहळू ओढून पाहा. मध्ये घट्ट अडथळा लागला तर दाब शाबूत आहे, सैल येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. नंतर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढा, यंत्र बाजूला कलते करा आणि पाते हाताने फिरवा. कलते करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असे पाहा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरते आणि पुढचा अर्धा दिवस यंत्र सुरू होत नाही. पात्याचे एक टोक पत्र्याच्या ज्या बिंदूजवळ येते, तिथे खडूची खूण करा आणि दुसरे टोक तिथे आणा. दोन्ही टोकांच्या उंचीत फरक दिसला तर आधी पाते बदलून पाहायला सांगा. नवे पातेही तसेच फिरत असेल तर शाफ्ट वाकलेला आहे, आणि मग ते यंत्र फुकट दिले तरी नको.

प्रश्न : भंडाऱ्याजवळ आमचे छोटे रिसॉर्ट आहे. लॉन कापल्यानंतर दोन दिवसांनी गवताची टोके पांढरट-तपकिरी होतात. पाणी व खत व्यवस्थित आहे. यंत्र बदलावे का? — एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : यंत्र बदलू नका, पाते पाहा. गवताचे एक पान तोडून टोक जवळून बघा. ते सरळ कापलेले नसून धाग्याधाग्यांनी फाटलेले दिसत असेल, तर पाते बोथट आहे आणि फाटलेले टोक वाळून तसा रंग येतो. प्लगची टोपी काढून मगच पाते उतरवा, मूळच्या उताराचाच कोन धरून सपाट कानसीने घासा आणि दोन्ही बाजू सारख्याच घासा. भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकाने पाते अडकवले असता ते आडवे स्थिर राहिले पाहिजे. एक बाजू खाली झुकली तर तिथले आणखी थोडे लोखंड काढा. तोल गेलेल्या पात्याच्या थरथरीने बेअरिंग आणि हाताचे सांधे दोन्ही खराब होतात. नवी धार किती दिवस टिकते, हे जमिनीवर आहे. मुरमाड, धुळीच्या जागी ती फार लवकर जाते.

एक शक्यता अजून आहे. धानाच्या हंगामात माणसे मिळत नाहीत म्हणून कापणी लांबली आणि मग एकदम खाली घेतली, तरी लॉन तपकिरी दिसते, कारण तेव्हा हिरवी पाने निघून गेलेली असतात आणि खालच्या काड्याच उरतात. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. चार सेंटिमीटर राखायचे असेल तर सहा सेंटिमीटर झाल्याबरोबर कापा. दहापर्यंत गेलेच असेल तर यंत्राची उंची आधी सातवर ठेवा आणि पुढच्या दोन आठवड्यांत दोन टप्प्यांनी खाली आणा. हंगाम संपल्यावर टाकीतले पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल धरते, आणि महिनोन् महिने तसेच राहिलेल्या टाकीतले इंधन पुढच्या पावसाळ्यात यंत्र सुरूच होऊ देत नाही.